हाताने की मशीनने

"मग जोडू कशाने, सर? हाताने की मशीनने?"

ऑपरेशन टेबलावर आडवे झालेले मुल्लाणीसर छताकडे बघत राहिले.

"सर, एकदाचं सांगून टाका. म्हणजे माझं डोकं शांत होईल."

"तुझं डोकं शांत करायला मी इथे झोपलोय होय?"

चौगुलेने मान खाली घातली.

मी सरांच्या उशाशी उभी होते. भुलीचं औषध सिरिंजमध्ये भरलेलं. भूल देणाऱ्याने मधे तोंड घालू नये असं तमाम सर्जन मंडळींचं मत असतं. मी घालते. मला कोणाची भीडभाड नाही.

"तुमचं उरकणार असेल तर सांगा," मी म्हटलं. "नाहीतर मी चहा घेऊन येते."

सर हसले. चौगुले हसला नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आता हे दोघे कोण, ते सांगते.

डॉक्टर दस्तगीर मुल्लाणी. कृष्णाकाठच्या आमच्या सगळ्या भागात अन्ननलिकेचा कॅन्सर म्हटलं की लोक यांच्याच दारात यायचे. वय झालं, केस पिकले, पण हात कधी थरथरला नाही. सुई आणि दोरा, बाकी काही लागायचं नाही त्यांना. आमच्या हॉस्पिटलातले निम्मे सर्जन त्यांच्या हाताखाली तयार झालेले.

आणि डॉक्टर ऋषभ चौगुले. सरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. सगळ्यात आगाऊसुद्धा.

ऑपरेशन थोडक्यात असं असतं. रोगट अन्ननलिका काढून टाकायची. मग जठर कापून त्याची लांब नळी करायची, ती छातीतून वर ओढून गळ्यापर्यंत आणायची, आणि तिथे अन्ननलिकेचा जो तुकडा शिल्लक असतो त्याला जोडायची. बाकी सगळं होऊन जातं. माणूस जगतो की जातो हे त्या एका जोडावर. जोड धरला तर महिन्याभरात माणूस भाकरी खातो. सुटला तर खाल्लंप्यालेलं, थुंकी, सगळं आत पाझरतं, आणि मग पुढचं मी बघितलेलं आहे. सांगत नाही.

हा जोड हाताने टाके घालून करता येतो, किंवा स्टेपलर नावाच्या मशीनने. मशीन एका दाबात टाके मारतं. सर हातवाले. चौगुले मुंबईला शिकून आला तो मशीनवाला होऊन आला. मग दोन्हींची तुलना, किती जोड पाझरले, किती पुढे आवळून अरुंद झाले, याचे आकडे, त्यावर लेख, त्यावर भाषणं. एका परिषदेत तर सर पहिल्या रांगेत बसलेले असताना हा गडी माइकवर म्हणाला, "हाताने जोडणं ही आता आदराने जपून ठेवायची गोष्ट आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या. मला मात्र त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती.

त्यानंतर दोघांत कामापुरतं बोलणं उरलं.

आणि मग सरांचाच घास अडकायला लागला.

त्यांनी ते बरेच दिवस कोणाला सांगितलं नाही. भाकरी सोडली, भात धरला. भात सोडला, पेज धरली. डॉक्टरच तो, दुसऱ्याला शहाणपण शिकवणारा. शेवटी त्यांच्या बायकोने, रझियाभाभींनी, धरून तपासायला आणलं. औषधं झाली, रेडिएशनचे शेक देऊन झाले. आता ऑपरेशन.

सगळे म्हणाले, मुंबईला जा. तिथे मोठमोठे लोक आहेत, तुमच्या ओळखीचे आहेत.

सर उठले आणि चौगुलेच्या ओपीडीत रांगेत जाऊन बसले. नंबर आल्यावर आत गेले.

"माझं करशील?" एवढंच विचारलं.

तेव्हापासून चौगुलेची झोप उडाली होती, हे मला त्याची बायको भेटेल तेव्हा सांगायची. आपल्या गुरूच्या गळ्यावर सुरी चालवायची म्हणजे काय गंमत आहे?

तर ती सकाळ.

आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला खटकली होती. मी अजून भूल दिलेली नव्हती, आणि हा हात धुऊन, गाऊन घालून, ग्लोव्हज चढवून तयार. एरवी रोगी झोपल्यावर, त्याची सगळी मांडामांड झाल्यावर हा हात धुवायला जातो. आज घाई झाली होती. भीतीने माणसाला अशी घाई होते.

"सर," चौगुले म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. "मी ठरवलंय."

"काय?"

"तुमच्या पद्धतीने करतो. हाताने. तुम्ही शिकवलंत तसंच, टाक्याला टाका."

सरांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"माझ्याकडून तेवढीच गुरुदक्षिणा समजा."

असं म्हणून तो टेबलाच्या पायथ्याशी गेला, वाकला, आणि ग्लोव्हज घातलेल्या दोन्ही हातांनी सरांचे पाय धरले. त्यावर डोकं टेकलं.

 आमच्या सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर मीही चष्मा पुसला.

सर उठून बसले.

मग पाय खाली सोडले. सलाइनची बाटली स्टँडवरून काढून स्वतःच्या हातात घेतली, आणि टेबलावरून खाली उतरले.

"सर, कुठे निघालात?"

"बाहेर."

"का?"

सर दारापर्यंत गेले. वळले. चौगुलेच्या हातांकडे बघितलं.

"हात धुऊन ये," म्हणाले, आणि गेले.

म्हणजे बघा. जंतुविरहित केलेले हात या शहाण्याने पायाला लावले होते. पहिल्या वर्षाच्या पोरालासुद्धा कळतं, धुतलेला हात रोग्याच्या पायाला काय, स्वतःच्या नाकाला लावायचा नसतो. इतकी वर्षं हा दुसऱ्यांना त्यावरून झापत आला. आणि आम्हीही सगळे बघत उभे, कोणाच्या लक्षात आलं नाही.

मी सरांच्या मागे धावले.

बाहेर बाकावर रझियाभाभी जपाची तसबी घेऊन बसल्या होत्या. ओठ हलत होते. नवरा ऑपरेशनच्या हिरव्या गाऊनमध्ये, हातात सलाइनची बाटली धरून समोर उभा बघितल्यावर ओठ थांबले.

"झालं?"

"अजून नाही."

"मग?"

"जरा बसतो."

भाभींनी माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार, कपाळ? मी बाटली सरांच्या हातातून घेऊन खिडकीच्या गजाला अडकवली.

"सर, हे बरं नाही," मी म्हटलं. "आत सगळे ताटकळलेत. तुमचा रोग थांबणार आहे का? आणि त्या पोराची काय अवस्था झालीय, बघितलीत?"

"बघितली. म्हणून तर उतरलो."

मला त्या वेळी सरांचा रागच आला. माणूस मरणाच्या दारात उभा, आणि याची शिकवणी सुटत नाही. आयुष्यभर मुलांकडून घोटवून घेतलंत, आता स्वतःच्या ऑपरेशनच्या दिवशी तरी रोग्यासारखं वागा की. मी हे बोललेही. सरांनी ऐकून घेतलं.

चौगुले बाहेर आला. गाऊन काढलेला, हात ओले. तो बाकावर बसला नाही. समोर जमिनीवर उकिडवा बसला, आपल्या गावच्या पारावर बसतात तसा. येणारेजाणारे बघत होते. त्याला भान नव्हतं.

"सर, माझं चुकलं."

"हं."

"मशीनने करतो."

"का?"

"माझा हात त्यावर बसलाय. माझे आकडे चांगले आहेत. शंभरात..."

"त्या शंभरात मी कितवा?"

चौगुलेने ओले हात गुडघ्यांना पुसले.

"काल रात्री काय ठरवलं होतंस?"

"हाताने."

"आणि आता?"

"मशीनने."

"मी इथून उठून घरी गेलो तर संध्याकाळपर्यंत काय ठरेल?"

"भीती वाटते, सर," चौगुले म्हणाला. खाली बघून म्हणाला.

"कशाची?"

"मशीनने केलं आणि सुटलं, तर लोक म्हणतील, गुरूचं शिकवलेलं टाकून दिलं आणि गुरूलाच घालवलं."

"बरं."

"हाताने केलं आणि सुटलं, तर म्हणतील, भाषणं करायला पुढे, टाका घालता येत नाही."

"बरं."

"मुंबईला गेला असतात तर... मला वाटतं कधी कधी, तुम्ही मुद्दाम माझ्याकडे आलात. मला अडकवायला."

भाभींची तसबी थांबली. मी चौगुलेकडे डोळे वटारून बघितलं, पण त्याचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. बोलायचं ते बोलून बसला होता, आणि आता त्याचे खांदे हलत होते.

सरांनी त्याला रडू दिलं. डोक्यावर हात ठेवला नाही, पाठ थोपटली नाही.

"लोक झाले," सर म्हणाले. "तू झालास. तुझं नाव झालं, माझं नाव झालं."

"यात मी कुठाय?" सरांनी विचारलं.

चौगुलेने वर बघितलं.

बराच वेळ बघत राहिला. गेल्या कित्येक आठवड्यांत त्याने सरांकडे असं बघितलेलं नव्हतं. फोटो बघितले होते, रिपोर्ट बघितले होते. समोर कोण बसलं होतं? गालफडं बसलेला, गळ्याची हाडं वर आलेली, हिरव्या गाऊनमध्ये हरवून गेलेला एक म्हातारा. थंडी वाजत होती त्याला. पाय उघडे होते.

चौगुलेने हात पुढे केला आणि सरांचा गळा चाचपला. डावीकडून. मग उजवीकडून. सावकाश, ओपीडीत कुठल्याही रोग्याचा चाचपतो तसा.

"मागे जठराच्या अल्सरचा त्रास होता ना तुम्हाला?"

"तरुणपणी. बराच."

"जठर आत चिकटलेलं असेल कदाचित. लांबी मिळेल न मिळेल."

"असेल."

"मला माहीत नाही, सर. कशाने जोडेन ते मला आत्ता माहीत नाही. पोट उघडल्यावर बघतो."

सर उठले. खिडकीच्या गजावरची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"चला, बारस्करबाई. मला झोप आलीय."

भाभी म्हणाल्या, "नीट जा."

आत गेल्यावर सर पुन्हा टेबलावर आडवे झाले, स्वतःहून मान सरळ केली, आणि मी औषध सोडलं. ते झोपले. चौगुले हात धुवायला गेला.

पुढचं मी पडद्याच्या माझ्या बाजूने बघितलं. आम्ही भूलवाले रोग्याच्या डोक्याशी असतो, सर्जनच्या आणि आमच्या मधे एक कापड. माझी नजर मॉनिटरवर आणि कान पलीकडे.

पोट उघडलं. जठर खरंच चिकटलेलं होतं. ते सोडवण्यात सकाळ गेली. मग छातीतली अन्ननलिका गाठीसकट निघाली. जठराची नळी तयार झाली, वर ओढली, गळ्यातल्या चिरेतून तिचं टोक बाहेर आलं.

इथवर सगळं पटापट चाललेलं. आणि मग चौगुलेचा आवाज बंद झाला.

मी मान उंच करून बघितलं. नळीचं टोक जांभळट दिसत होतं.

नळीच्या टोकापर्यंत रक्त पोचायला हवं. पोचलं तर ते गुलाबी दिसतं. जांभळं टोक जोडलं तर ते आठवड्याभरात सडतं, मग तुम्ही ते सोन्याच्या तारेने का शिवलेलं असेना. हे सगळ्या सर्जनना माहीत असतं. पण लांबी कमी पडेल या धास्तीने माणूस स्वतःला समजावतो, की नाही, तसं बरं दिसतंय, चालेल.

"मॅडम, ब्लडप्रेशर जरा वाढवता?"

मी वाढवलं.

"अजून थोडं."

वाढवलं. सगळे त्या टोकाकडे बघत उभे. सिस्टरच्या हातात स्टेपलर उघडून तयार. शेजारच्या ट्रेमध्ये सुई-दोराही काढून ठेवलेला, तोही तयार. चौगुले हात एकमेकांत धरून नुसता उभा होता.  मी मनात म्हणत होते, हो रे बाबा गुलाबी, हो.

झालं नाही.

"कापतो," चौगुले म्हणाला.

 कापलं तर लांबी जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

त्याने टोक कापलं. कापलेल्या कडेला रक्त आलं नाही. त्याने अजून थोडं कापलं. आता आलं. चांगलं लाल, ठिबकणारं.

उरली ती नळी गळ्याच्या तुकड्यापर्यंत जेमतेम पोचत होती.

त्याने स्टेपलर हातात घेतला. दोन्ही टोकांना लावून बघितला. मशीनच्या जबड्यात धरायला दोन्ही बाजूंना थोडी जास्तीची लांबी लागते. तेवढी नव्हती. ओढून घेतली असती तर बसलं असतं, पण ओढलेला जोड तुटतो. त्याने नळीला बोटाने किंचित ताण दिला, सोडला. पुन्हा एकदा. मग स्टेपलर सिस्टरला परत दिला.

"टाके द्या."

एवढंच बोलला. आणि शिवायला लागला.

मी खूप सर्जन बघितलेत. शिवताना बडबडणारे, गाणी लावणारे, शिव्या देणारे. चौगुलेही एरवी भाषण देतो. त्या दिवशी एक शब्द नाही. शेवटची गाठ मारल्यावर त्याने वाकून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, आता ठीक आहे का?" मला विचारलं त्याने, भूलवालीला. मी म्हटलं, "मला काय कळतंय त्यातलं? प्रेशर ठीक आहे."

ऑपरेशन झालं. खरी धाकधूक त्यानंतरची.

सर आयसीयूत शुद्धीवर आले. आवाज बसलेला, पण डोळे तल्लख. तोंडाने पाणी बंद. पोटात घातलेल्या रबरी नळीतून पातळ अन्न चालू. ओठ कोरडे पडायचे तेव्हा भाभी ओला कापूस फिरवायच्या.

चौगुले आयसीयूतून हलेना. ताप बघ, नाडी बघ, गळ्याची पट्टी बघ. पुन्हा ताप बघ. त्याला एक गोष्ट सरांना सांगायची होती, ती त्याच्या ओठांवर सारखी यायची.

"सर, मी जोड हाताने केला. पण त्याचं कारण..."

सर डोळे मिटून घ्यायचे.

मला म्हणायचा, "मॅडम, त्यांना वाटत असेल मी त्यांना बरं वाटावं म्हणून केलं. पाय धरले ना मी. टेबलावरून उतरून गेले होते त्यावरून. आता त्यांना वाटणार, याने शेवटी तेच केलं."

"त्यांना काही वाटत नाहीये. त्यांना तहान लागलीय."

"पण सांगायला नको?"

"नको."

त्याला पटायचं नाही.

आणि मग एका सकाळी गळ्याची पट्टी ओली झाली.

सिस्टरने फोन केला. चौगुले धावत आला, मी आधीच तिथे होते. त्याने पट्टी उचलली. खाली फेसाळ ओल. वास घेतला. थुंकी.

जोड पाझरत होता.

चौगुले भिंतीला टेकला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला वाटलं, हा आता इथेच कोसळतो, आणि मला दोन रोगी सांभाळावे लागतात.

"सर," तो म्हणाला. "पाझरतंय."

सरांनी भुवई उचलली.

"मशीनने केलं असतं तर..."

"अरे, लांबी कुठे होती?" मी ओरडले. ओरडलेच, आयसीयूत. "माझ्यासमोर बघितलंस तू, मोजलंस. आता काय बडबडतोस?"

"थोडं ओढून घेतलं असतं..."

सरांनी हात वर केला. आम्ही दोघेही गप्प झालो. बसलेल्या आवाजात, एकेक शब्द लावत सर बोलले.

"रडून झालं... की ड्रेसिंग कर."

गळ्यातला जोड पाझरला तर निदान ते बाहेर येतं, छातीत साचत नाही. जखम उघडी ठेवायची, रोज साफ करायची, आणि आतून मांस भरून यायची वाट बघायची. येतंही भरून बहुतेकांचं. बहुतेकांचं म्हणजे सगळ्यांचं नाही. आणि सरांचं वय, त्यात शेक दिलेलं शरीर. कोणी काही सांगू शकत नव्हतं.

चौगुले स्वतः ड्रेसिंग करायचा. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, कधी मधेच. ज्युनियरना हात लावू द्यायचा नाही. कॅन्टीनमध्ये पोरं कुजबुजायची, "गुरूच्या पद्धतीने केलं आणि लीक झालं म्हणे." तो ते ऐकायचा. समोरचा चहा गार व्हायचा, तसाच टाकून उठायचा. दाढी वाढली, शर्ट ढगळ झाला. मी एकदा पोळीचा तुकडा त्याच्या तोंडात कोंबला, तर तो चघळत बसला. गिळवेना.

रोज ड्रेसिंगच्या वेळी तेच.

"सर, त्या दिवशी लांबी कमी पडली म्हणून मी..."

सर डोळे मिटायचे.

मला वाटतं, त्या दिवसांत चौगुलेला जोड भरून येण्यापेक्षा आपलं हे एक वाक्य सरांनी ऐकून घ्यावं याची जास्त तळमळ लागली होती. अन्याय करत नाही मी त्याच्यावर. दोन्ही भीती एकाच माणसाच्या पोटात असू शकतात.

ओल कमी झाली. मग पुन्हा वाढली, सरांना ताप चढला, आणि ती संध्याकाळ मी विसरणार नाही. भाभी बाकावर बसून होत्या, तसबी हातात, पण मणी पुढे सरकत नव्हते. मी शेजारी बसले.  चौगुले आतून आला, आमच्याकडे न बघता जिन्याकडे गेला, आणि पायरीवर बसून राहिला.

ताप उतरला. ओल पुन्हा कमी झाली. पट्टीवर नुसता डाग. मग तोही नाही.

एक्स-रेच्या टेबलावर फोटोत दिसणारं औषध घोटभर पाजून बघितलं. बाहेर काही येत नव्हतं. तरी चौगुले पाणी द्यायला तयार नाही. अजून थोडं थांबू म्हणाला. पुन्हा एक फोटो काढू म्हणाला.

भाभींनी चमचा आणि वाटी आणली आणि त्याच्यासमोर धरली.

"तूच पाज," म्हणाल्या.

वाटीत साधं पाणी. चौगुलेने चमचा भरला. निम्मं पाणी सरांच्या उशीवर सांडलं. सर वाट बघत होते. त्याने पुन्हा भरला, डावा हात उजव्या हाताखाली धरला, आणि चमचा सरांच्या ओठांना लावला.

सरांनी पाणी तोंडात घेतलं.

धरून ठेवलं...

गिळलं.

आम्ही तिघेही गळ्यावरच्या पट्टीकडे बघत होतो. मी वाकून, चष्मा वर करून बघितलं. चौगुलेने पट्टीवर बोट टेकलं. काढून बघितलं. पुन्हा टेकलं.

कोरडी होती.

भाभी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी नाक पुसलं, आणि मला सर्दी झाल्याचं सिस्टरला सांगितलं.

चौगुले खुर्चीत बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा टेकून बसला. आणि बसल्या बसल्या त्याचं सुरू झालं.

"सर, आता तरी ऐका. एकदाच. तो जोड मी हाताने केला, पण तुमच्यासाठी म्हणून नाही. मशीनला लांबी पुरत नव्हती. पुरली असती तर मी मशीननेच केला असता. तुम्हाला वाटायला नको, की तो जोड मी..."

सरांनी डोळे मिटले नाहीत.

त्यांनी हात पुढे करून त्याच्या हातातून चमचा घेतला. वाटीत बुडवला. अजून एक घोट घेतला, सावकाश गिळला. मग अजून एक. घोट कुठेच अडकला नाही.

मग चौगुलेकडे बघून म्हणाले,

"कसला जोड?"